तांबे सरांना मी खाली आणलं

२३ फेब्रुवारी, रविवार

ठरलं. जूनमध्ये हिमाचल. आठवडाभर पायी चालणं आणि शेवटी भेडू पास ओलांडून पलीकडच्या खोऱ्यात. चौदा हजार फुटांच्या वर. ऑफिसच्या ग्रुपवर टाकलं तर बराच वेळ कोणी काही बोललंच नाही. बोलणार काय? लिफ्ट बंद असली की हाफ डे टाकणारी माणसं ती.

माझा मेव्हणा निलेश बरोबर येतोय. बायकोचा सख्खा भाऊ. दादरला राहतो, पोट सुटलेलं आहे. मागे पडणार. त्याला सांभाळून न्यावं लागेल. तशी मनाची तयारी ठेवली आहे.

आईला सांगितलं. म्हणाली, गावाक डोंगर कमी आसत काय, तुका थंय कित्याक जावचा? तिला आल्टिट्यूड समजावून सांगण्यात अर्थ नाही.

उद्यापासून रोज पहाटे जिने. घोडपदेवात आमच्या टॉवरएवढी उंच बिल्डिंग नाही. चाळ पाडून टॉवर बांधला त्याचा पहिला खरा उपयोग मीच करणार.

२४ फेब्रुवारी

पहाटे जाग आली. पण पहिल्याच दिवशी शरीराला धक्का देऊ नये. पडून राहून श्वासाचे व्यायाम केले. मध्ये झोप लागली.

२७ फेब्रुवारी

आज जिने. सातव्या मजल्यावर सोसायटीचे सेक्रेटरी गणपतराव भेटले. पाण्याच्या टाकीवर बोलत बसले. एकदा लय तुटली की पुढे चढण्यात काही अर्थ नसतो, म्हणून उरलेलं लिफ्टने. जिन्यात लोकांच्या चपला, कुंड्या, एक मोडकी सायकल. अशा सोसायटीत गिर्यारोहक तयार होणार कसा?

९ मार्च, रविवार

ट्रेकवाल्यांची मीटिंग गिरगावात, एका वाडीतल्या हॉलमध्ये. लीडर म्हणजे अपूर्वा नावाची किडकिडीत मुलगी. आमच्या ऑफिसातली ट्रेनीसुद्धा हिच्यापेक्षा मोठी दिसते. मला काका म्हणाली. मी म्हटलं, नुसतं अजित म्हण. म्हणाली, ओके अजितकाका.

तासभर एकच पालुपद. उंचीवर डोकं दुखलं, मळमळलं, तर लगेच सांगायचं. लपवायचं नाही. लपवणारा स्वतः तर अडकतोच, पण बरोबर आणखी कोणाला तरी अडकवतो. मी विचारलं, लीडरचंच डोकं दुखलं तर? सगळे हसले. ती हसली नाही. विनोदबुद्धी नाही.

बाकी मंडळी अशीतशीच. पण एक नमुना आहे. राजाराम तांबे. माटुंग्याला राहतात, कॉलेजात भूगोल शिकवायचे, आता रिटायर्ड. सगळे त्यांना सर म्हणतात. हा माणूस याच खिंडीतून दोनदा परत आलाय. पहिल्यांदा वादळ झालं म्हणून, दुसऱ्यांदा कोणाचा तरी पाय मोडला म्हणून. आता तिसरी खेप. जन्मभर पोरांना डोंगर शिकवले आणि डोंगर यांना आत घेईनात. अपूर्वाला बाजूला घेऊन म्हटलं, या वयाच्या माणसाला नेणं रिस्की नाही का? म्हणाली, काका, तुम्ही जिने किती चढता रोज?

विषय बदलायची पद्धत मला आवडली नाही.

६ एप्रिल, रविवार

शिवाजी पार्कला गेलो होतो. स्टॅमिना वाढवायला. तिथे सगळे गोल गोल चालतात. निघालो तिथूनच आणि पोचणार तिथेच. हात वर करून टाळ्या वाजवणारे काका, मोबाइलवर सुनेची तक्रार करत चालणाऱ्या काकू. एक फेरी मारली, दुसरीत मन रमेना. कोपऱ्यावर मिसळ खाल्ली. प्रोटीन.

बूट घेतले. दुकानदार म्हणाला, आतापासून रोज घाला म्हणजे पायाला बसतील. चांगला बूट मुळात बसलेलाच असतो. खोक्यातच ठेवलेत. घोडपदेवच्या रस्त्यावर घालून मातीत कशाला घालवायचे?

४ मे, रविवार

निलेशने टांग दिली. कारण काय, तर पाठ. मी आधीच ओळखलं होतं.

त्याहून वाईट बातमी. रिकाम्या जागेवर दीपिका येते म्हणाली. म्हणजे माझी बायको. दादरला बँकेत कॅशला बसते, दिवसभर खुर्चीत. मी म्हटलं, अगं, हे माथेरान नव्हे. म्हणाली, माहीत आहे. मी म्हटलं, तिथे अंघोळ नसते. म्हणाली, बरं. मी म्हटलं, आईकडे कोण बघणार? आईच आतून म्हणाली, जाऊ दी तिका, मी काय मराक टेकलंय?

लग्न झाल्यापासून ही एकदाच कुठे जायचं म्हणाली होती. मनालीला. तेव्हा ऑफिसचं ऑडिट होतं. नंतर राहूनच गेलं. आता एकदम पास.

ठीक. निलेशऐवजी हिला सांभाळायचं. वजनाला तरी कमी आहे.

२० मे

दीपिका पहाटे उठून पाठीवर तांदळाची पिशवी बांधून जिने चढते. वरपर्यंत. परत खाली, परत वर. संध्याकाळी बँकेतून चालत घरी येते. बायकांना कुठल्याही गोष्टीत प्रमाण कळत नाही. अशी दमून गेली की ऐन वेळी पाय देणार नाहीत. मी ताकद राखून ठेवतोय.

गणपतराव लिफ्टमध्ये म्हणाले, वहिनी जोरात आहेत. मी नुसतं हसलो.

८ जून, बेस कँप

पोचलो. जीपच्या प्रवासात मला थोडं अस्वस्थ वाटलं, पण ते ड्रायव्हरच्या गाण्यांमुळे.

तंबू दोघांत एक. बायकांचे वेगळे. माझ्या नशिबी तांबे सर. सगळं सामान त्यांनी कोपऱ्यात नीट लावून ठेवलं. माझंही लावून दिलं. मास्तरकी जात नाही.

बलबीर नावाचा तिथला गाइड आहे. मी विचारलं, या पासला भेडू का म्हणतात? म्हणाला, मेंढपाळ मेंढ्या घेऊन इथूनच जातात. म्हणजे मेंढ्या ओलांडतात. इतका गाजावाजा कशाचा केला होता कळेना.

१० जून

चाललो. बुटांनी दोन्ही टाचांना फोड आणले. कंपनीला मेल लिहिणार.

दीपिका पुढच्या घोळक्यात असते. अपूर्वाशी गप्पा मारत चढते. चढावर गप्पा मारणं चूक आहे, सांगणार होतो, पण मला तेव्हा बोलवत नव्हतं. मी मुद्दाम मागे राहतो. मागून सगळ्यांवर नजर राहते.

संध्याकाळी बोटाला चिमटा लावून ऑक्सिजन मोजतात. माझा आकडा सगळ्यांत कमी. मशीन स्वस्तातलं होतं. अपूर्वाने तीनदा लावून बघितलं, तरी सुधारलं नाही.

१२ जून, वरचा कँप

इथून खिंड दिसते. दोन काळ्या सुळक्यांच्या मध्ये पांढरी खाच. सर जेवायच्या आधी बाहेर उभे होते, तिच्याकडे बघत. मी गेलो तर म्हणाले, मागच्या वेळी यापुढे जाता आलं नव्हतं. मी म्हटलं, काळजी करू नका, मी आहे. काही बोलले नाहीत. धीर आला असावा.

डोकं थोडं जड आहे. डोकेदुखी म्हणता येणार नाही. टोपी घट्ट होती. काढली. काढल्यावरही टोपी घातल्यासारखंच वाटतंय.

अपूर्वा प्रत्येकाला विचारत आली. डोकं? मळमळ? मी म्हटलं, एकदम फ्रेश. जेवण समोर आलं तेव्हा भूक नव्हती. खिचडीला चव नव्हती म्हणून. दीपिकाने माझं ताट बघितलं, माझ्याकडे बघितलं. विचारलं, खरंच बरं आहे ना? मी म्हटलं, तू तुझं बघ.

१३ जून, पहाटे

आज पास. झोप नाही, पण उत्साहामुळे. बूट घालताना वाकलं की तंबू फिरतो. तंबू नीट लावलेला नाही. सरांनी माझ्या नाड्या बांधून दिल्या. बांधू दिल्या. म्हाताऱ्या माणसाला कोणाच्या तरी उपयोगी पडल्यासारखं वाटतं.

ते म्हणाले, अजितराव, डोकं दुखत असेल तर अजून वेळ आहे, सांगा. मी म्हटलं, सर, तुम्ही तुमचं सांगा. दोनदा परत आलेला माणूस मला विचारतोय.

१३ जून, उन्हं वर आल्यावर

दगडावर बसून लिहितोय. विश्रांती नव्हे. निरीक्षण.

सगळीकडे दगड. कोणी आणून ओतल्यासारखे. एकावर पाय ठेवला की दुसरा हलतो. पुढे बर्फ लागतो. बाकीचे वर मुंग्यांसारखे दिसतात. माझ्यामागे फक्त बलबीर. मी थांबलो की थांबतो. सारखा चलो सर, चलो सर. त्याला म्हटलं, घाई कसली आहे, खिंड कुठे पळून जातेय का? हिंदीत ते नीट म्हणता आलं नाही. जीभ जड झाली आहे. थंडी.

१३ जून, दुपारी, वरच्या कँपवर परत

सविस्तर लिहितो, म्हणजे पुढे कोणी गैरसमज करून घेऊ नये.

बर्फ सुरू होतो तिथे मी बसलो. ठरवून. उलटी झाली, तीही थोडीच. बलबीर म्हणाला, नीचे जाना पडेगा. मी म्हटलं, मुळीच नाही. थोडा वेळ बसतो, मग एका दमात चढतो. त्याने माझा हात धरला तर मी सोडवून घेतला. त्याने खालून शिट्टी वाजवली. वरून अपूर्वा उतरून आली, मागून दीपिका.

अपूर्वाने मला सरळ रेषेत चार पावलं टाकायला सांगितलं. बर्फावर सरळ रेषा कुठे असते? मी टाकली, ती वाकडी पडली. मग तिने काका वगैरे सोडून दिलं. म्हणाली, तुम्ही आत्ताच्या आत्ता खाली जाणार आहात. ढग येतायत, बाकीच्यांना मी पलीकडे नेणार आहे. बलबीर तुम्हाला उतरवेल.

मी म्हटलं, मी एकटा परत जाणार नाही. मी काय पेशंट आहे? लोक काय म्हणतील, सगळे गेले आणि अजित घाडी बर्फाला हात लावून आला? हे सगळं मी शांतपणे म्हणालो. दीपिका म्हणते मी ओरडत होतो. उंचीवर आवाज मोठा वाटतो.

दीपिकाने पाठीवरची सॅक उतरवली. म्हणाली, मी जाते यांच्याबरोबर. खिंडीकडे तिने बघितलंसुद्धा नाही. मुद्दाम नाही बघितलं असं मला वाटलं.

तेवढ्यात तांबे सर आले. ते बरेच वर होते, जवळजवळ खिंडीच्या तोंडाशी, पहिल्या तिघांत. तिथून सगळा उतार परत उतरून आले. दम लागला नव्हता, चेहरा लाल झाला होता. दीपिकाची सॅक उचलून तिच्या हातात दिली. म्हणाले, तुम्ही जा. मला आज जमत नाहीये.

अपूर्वा म्हणाली, सर? नुसतं एवढंच.

ते तिच्याकडे न बघता माझ्यासमोर गुडघ्यावर बसले. म्हणाले, अजितराव, माझं वय झालं. छातीत धडधडतंय. एकटं उतरायची भीती वाटते. तुम्ही माझ्याबरोबर खाली याल का?

मी वर बघितलं. खिंड अगदी जवळ होती. मी चढलो असतो. पण समोर एक म्हातारा माणूस हात जोडून मदत मागतोय आणि मी पास पास करत बसू? म्हटलं, उठा सर. येतो मी.

दीपिका सरांकडे बघत राहिली. काही बोलायला तोंड उघडलं, तर सर म्हणाले, निघा आता, ढग बघा. ती माझ्या गालाला हात लावून गेली. मागे वळून दोनदा बघितलं. माझ्याकडे नाही, सरांकडे.

उतरण माझ्यामुळेच नीट झाली. सरांचा हात मी पूर्ण वेळ धरून ठेवला होता. ते पुढे, मी मध्ये, बलबीर मागे, म्हणजे ते घसरले तर मी धरणार. दोन्ही सॅका त्यांनीच घेतल्या होत्या, एक पाठीवर, एक पोटावर. माझी मागितली तर म्हणाले, राहू द्या, बॅलन्स होतो. भूगोलाचा माणूस आहे, असेल तसं काही. मी मध्ये मध्ये बसत होतो, म्हणजे त्यांना विश्रांती मिळावी. ते बसत नव्हते. उभ्याने मला पाणी पाजत होते. एका ठिकाणी उतार फार होता, तो मी बसून घसरत उतरलो. सरांना रस्ता कळावा म्हणून.

एकदा ते थांबले आणि मागे बघितलं. खिंडीवर ढग आला होता, पण त्याच्या आधी ओळीने ठिपके पलीकडे जाताना दिसले. एकेक करून. ते मोजत होते. शेवटचा गेल्यावर म्हणाले, गेली सगळी. छान झालं.

मी म्हटलं, सर, वाईट वाटून घेऊ नका. वयाचा प्रश्न आहे.

म्हणाले, हो.

१३ जून, संध्याकाळ

खाली उतरल्यावर डोकं पुष्कळ मोकळं झालं. सरांची धडधडही आपोआप थांबली. मी विचारलं तर म्हणाले, हो की, थांबली. मग त्यांनी दोन वाट्या डाळभात खाल्ला, माझी स्लीपिंग बॅग उलगडून दिली आणि तंबूबाहेर जाऊन एकटेच बसले. बराच वेळ. मनाला लागलं असणार. तिसऱ्यांदा परत. मी हाक मारणार होतो, पण डोळा लागला.

१५ जून

जीपने डोंगराला वळसा घालून पलीकडच्या गावात. बाकीची मंडळी तिथे उतरून आली होती. दीपिकाचं नाक उन्हाने सोललंय, ओठ फाटलेत, आणि सारखी हसतेय. इतकी हसताना मी तिला लग्नाच्या अल्बममध्ये बघितलं असेल. सांगायला लागली, वर गेल्यावर एकदम दुसरीकडचा सगळा देश दिसतो आणि वारा असा येतो की

मी मध्येच म्हटलं, आणि इकडे काय झालं ते ऐक. सरांची छाती, माझा निर्णय, उतार. सगळं सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं. मग विचारलं, तुम्ही सरांना थँक्यू म्हणालात का?

उलटं विचारतेय. मी म्हटलं, त्यांनी म्हणायला पाहिजे. पण मी अपेक्षा ठेवत नाही.

तिने माझ्याकडे जसं बघितलं तसं बँकेत खोटी नोट आल्यावर बघत असेल. नंतर जाऊन सरांच्या शेजारी बसली. वाऱ्याचं वगैरे बाकीचं त्यांना सांगितलं. ते ऐकताना डोळे मिटून बसले होते. झोप आली असेल.

१८ जून, घर

आईने विचारलं, गेलंस पलीकडे? मी म्हटलं, एका माणसाचा जीव वाचवण्यात वेळ गेला. आई दीपिकाला म्हणाली, आणि गो तू? दीपिका म्हणाली, गेले. आईने तिच्या डोक्यावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. माझ्यासाठी काही मोडलं नाही.

ऑफिसात सगळं सांगितलं. म्हटलं, पास काय, मेंढ्याही ओलांडतात. माणूस परत कशासाठी फिरतो ते महत्त्वाचं. यावेळी गप्प नाही बसले. एकाने विचारलं, सर, मग त्यांना पुढच्या वेळी कोण खाली आणणार? माझी किंमत कळायला लागली आहे.

१९ जून

गणपतरावांना लिफ्टमध्ये सहज बोललो. सत्काराचा विषय मी काढला नाही. फक्त म्हटलं की, तळमजल्याचा हॉल रविवारी रिकामा असतो. बाकीचं त्यांना सुचलं. सरांनाही बोलवायचं ठरलं. वाचवलेला माणूस प्रत्यक्ष समोर असला की लोकांना विषय नीट कळतो.

दीपिकाला सांगितलं. इस्त्री करत होती. इस्त्री बाजूला ठेवून म्हणाली, सरांना बोलावू नका, प्लीज. मी म्हटलं, का? ती शर्टाची घडी घालत म्हणाली, तुमच्यासाठीच सांगतेय. काही स्पष्टीकरण नाही. मला वाटतं, पास ओलांडूनही सत्कार माझा, हे तिला झोंबलं असावं.

सरांना मीच फोन केला. यायला कां कूं करत होते. मी म्हटलं, संकोच करू नका, यात कमीपणा काही नाही. मग हो म्हणाले.

२२ जून, रविवार

हॉल भरला होता. निम्मे वड्यांसाठी आले होते, ते मी धरत नाही. दीपिकाला पुढच्या खुर्चीवर बस म्हटलं तर आईला घेऊन मागच्या रांगेत जाऊन बसली. सर वेळेवर आले. साधा शर्ट, खिशाला पेन. मी त्यांना माझ्या शेजारी बसवलं.

माझं भाषण चांगलं झालं. खिंडीची भीषणता, तो बर्फ, समोर हात जोडून बसलेला वृद्ध माणूस, आणि एका क्षणात घ्यावा लागलेला निर्णय. इथे थोडा थांबलो. शांतता होती. एक लहान मूल रडलं, ते आईने बाहेर नेलं. मग म्हटलं, शिखरं परत भेटतील, माणूस परत भेटत नाही. हे आधी लिहून ठेवलं होतं, तरी उत्स्फूर्त वाटलं.

शाल श्रीफळ झालं. गणपतराव म्हणाले, तांबे सरांनी दोन शब्द बोलावेत. सर नको म्हणत होते, मी आग्रह केला. उठले. माइक हातात घेतला नाही. शिकवायची सवय, आवाज मागच्या भिंतीपर्यंत जातो.

एकच वाक्य बोलले. अजितराव नसते तर मी त्या दिवशी खाली उतरलोच नसतो.

आणि बसले. टाळ्या. खूप टाळ्या. मी उठून त्यांना मिठी मारली. त्यांनी माझ्या पाठीवर थोपटलं. मागे बघितलं तर दीपिका टाळ्या वाजवत नव्हती. डोळ्याला पदर लावून बसली होती. शेवटी तिलाही पटलं.

घरी आल्यावर आई म्हणाली, मास्तर भलो माणूस. किती कमी बोललो.

मी म्हटलं, भावना अनावर झाल्या त्यांना.

२३ जून, सोमवार, सकाळ

दात घासताना सरांचं वाक्य परत आठवलं. छान वाक्य आहे. फ्रेम करून लावण्यासारखं. मोठ्याने म्हणून बघितलं. अजितराव नसते तर मी खाली उतरलोच नसतो.

म्हणजे मी नसतो तर ते खाली उतरले नसते.

मग कुठे गेले असते?

ब्रश तोंडात तसाच राहिला. पेस्ट शर्टावर सांडली. पहिल्या तिघांत होते. दम लागला नव्हता. दोन सॅका. उभं राहून पाणी.

स्वयंपाकघरात गेलो. दीपिका डबा भरत होती. विचारलं, सरांची छाती. ती धडधड. म्हणाली, कसली धडधड? विचारलं, तुला कधीपासून माहीत होतं? म्हणाली, ते गुडघ्यावर बसले तेव्हापासून. विचारलं, आणि बाकीच्यांना? तिने झाकण लावलं, डबा पिशवीत ठेवला. म्हणाली, तुम्ही सोडून सगळ्यांना. मीच सरांना आधी फोन करून सांगितलं होतं की येऊ नका. तर ते म्हणाले, बोलवलंय तर जाऊ, बिचाऱ्याला वाईट वाटेल.

बिचाऱ्याला.

तिला उशीर होत होता. दारात थांबली, म्हणाली, मला वाटलं, तुम्हाला कळलं असेल आणि तुम्ही कळलं नाही असं दाखवताय. तसं असतं तर बरं झालं असतं. आणि गेली.

ऑफिसला निघालो नाही. सरांना फोन केला. काय बोलायचं ते ठरलं नव्हतं. त्यांच्या मुलीने उचलला. म्हणाली, बाबा फोन घरी ठेवून सायनच्या किल्ल्यावर गेलेत, सॅक घेऊन. सप्टेंबरमध्ये परत एक बॅच आहे ना. काही निरोप आहे का?

म्हटलं, नाही.

म्हणाली, नाव तरी सांगा, कोणाचा फोन होता म्हणून सांगू?

सांगितलं नाही.